हमालाने पोचवलेली घागर

गेल्या वर्षभरात मला ज्यांचे ज्यांचे आभार मानायचे आहेत, त्यांत पहिला नंबर एका प्रोग्रॅमचा लागतो. आणि आमच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या भांडणालाही तोच जबाबदार आहे. म्हणून आधी त्याचीच ओळख करून देते. त्याचं खरं नाव लांबलचक आणि फार गंभीर आहे. आमच्या नववी 'ब'मध्ये त्याला सगळे 'हमाल' म्हणतात. काम तेच ना! इकडचं चित्र उचलायचं, तिकडे नेऊन ठेवायचं.

यात काय एवढं, असं वाटत असेल तर माझ्या पप्पांना विचारा. सोलापुरात नवी पेठेत आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. पप्पा सांगतात, पूर्वी बाहेरगावच्या डिझायनरकडून फाइल यायची, ती दुकानातल्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, आणि बघावं तर गणपती एकीकडे, सोंड दुसरीकडे, मागची सोनेरी महिरप गायब आणि तिच्या जागी काळा ठोकळा. लग्न तोंडावर! पप्पा फोनवर ओरडायचे, "अरे बाबा, कर्व्ह करून पाठव म्हटलं होतं ना!" कर्व्ह करणे म्हणजे अक्षरांच्या नुसत्या कडा करून टाकायच्या, म्हणजे ती दुसरीकडे गेली तरी फुटत नाहीत. पण मग ती अक्षरंही राहत नाहीत. नवरीचं नाव चुकलं असलं तर दुरुस्त करता येत नाही, सगळं नव्याने करायचं.

असं का व्हायचं ते समजायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर चित्र दोन प्रकारे ठेवता येतं. एक फोटोसारखं, म्हणजे लाखो ठिपके. ते फार मोठं केलं की ठिपके दिसायला लागतात. दुसरा प्रकार व्हेक्टर. त्यात ठिपके नसतातच, सूचना असतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, जाताना एवढं वळ, एवढी जाड रेघ ओढ, आत हा रंग भर. सूचनाच त्या, त्यामुळे चित्र टिकलीएवढं करा नाहीतर एसटीएवढं, कड स्वच्छच राहते. भानगड एवढीच, की प्रत्येक प्रोग्रॅमची सूचना द्यायची पद्धत वेगळी. एकाला विरत जाणारी सावली कळते, दुसऱ्याला सावली म्हणजे काय तेच माहीत नाही. जुने कन्व्हर्टर सूचनेच्या जागी सूचना ठेवायचे, आणि जोडीची सूचना मिळाली नाही की ती वाटेतच टाकून द्यायचे.

हमाल तसं करत नाही. तो आधी चित्र बघतो आणि स्वतःला विचारतो, हे काढणाऱ्याला काय म्हणायचंय? कोट्यवधी चित्रं बघून तो हे शिकलाय. त्याच्या डोक्यात मधल्या मध्ये रेघही नसते, रंगही नसतो. 'एक कप, थोडा कललेला, कान उजवीकडे' एवढा अर्थ असतो. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेला की तो अर्थ तिथल्या रीतीने पुन्हा काढतो. सोंड गणपतीलाच राहते. पप्पा तर त्याला रोज उदबत्ती ओवाळायच्या बेतात होते.

आणि मला त्याने लावण्या दिली.

लावण्या गड्डम. आठवीत आमच्या वर्गात आली. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि बोलायला लागली की समोरच्याला काही सुचत नाही. तिच्याकडे 'चाचप' नावाचा प्रोग्रॅम असलेली एक फळी आहे. तिच्यावर हजारो बारीक बोथट टाचण्या आहेत, त्या वर-खाली होतात. बोटाने रेघ ओढली की मागोमाग टाचण्या उभ्या राहतात, आणि चित्र हाताला लागतं. माझ्या टॅबवर 'रेघ' हा प्रोग्रॅम आहे, सगळ्या शाळेकडे असतो तोच. मधे हमाल.

तेव्हा मी वर्गात कोणाशी फारशी बोलायची नाही. चित्र काढायचे आणि पुसायचे. एकदा बाकावर शेजारी बसल्या बसल्या तिने विचारलं, "काय करलालीस बे मघापासून? नुसता पेनाचा टकटक आवाज."

"मांजर काढलीय."

"मग पाठव की!"

पाठवली. तिने फळीवर हात फिरवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भारी आहे बे ही! पाठीवरून बोट फिरवलं की शेपटी कुठे गेलीय ते आपोआप कळतं!"

माझ्या चित्राला कोणी भारी म्हणायची ती पहिली वेळ. त्या दिवसापासून मी पुसणं बंद केलं. रोज डब्याच्या सुट्टीत एक चित्र तिला पाठवायचे, ती एक मला पाठवायची. वर्षभरात मी फलक लिहायला लागले, गॅदरिंगचा पडदा रंगवला, आणि आता तर माझी बडबड थांबवायला मॅडमना डस्टर आपटावं लागतं.

मग चादरीचं आलं. शाळेच्या वसतिगृहासाठी नव्या चादरी विणून घ्यायच्या होत्या आणि समितीने ठरवलं, नक्षी मुलांकडूनच मागवायची. विषय 'आपलं सोलापूर'. निवडलेली नक्षी सगळ्या चादरींवर येणार, आणि काठात काढणाऱ्याचं नाव विणलेलं. सोलापूरची चादर आणि तिच्यावर आपलं नाव! यापुढे माणसाला काय पाहिजे?

"किल्ला नको, सगळे तोच काढतील," लावण्या म्हणाली. "नळाला पाणी येतं ना, तो दिवस काढू."

हे एकदम बरोबर होतं. आमच्याकडे यंत्रमागापासून रिक्षापर्यंत सगळं स्वतःच्या डोक्याने चालायला लागलं, पण नळाला पाणी अजून रोज येत नाही. ज्या दिवशी येतं तो दिवस आख्ख्या गल्लीचा असतो. पिंप, बादल्या, कळश्या, कोणाची आंघोळ अर्धवट, कोणाचा पाइप कोणाच्या दारात. मी नळ आणि बादल्यांची रांग घेतली. घागर लावण्याने मागून घेतली.

तिची घागर हमालाने माझ्या टॅबवर आणून ठेवली तेव्हा मी उडालेच. स्टीलची गोल गरगरीत घागर, तोंड लंबगोल, वर डावीकडे उजेडाची चकाकी, खालच्या अंगाला दाट होत गेलेली सावली.

"लावण्या, ही खालची छटा कसली जमलीय तुला!"

"ती होय? ती सोपी आहे. पाण्यामुळे होतं ना तसं."

मी म्हटलं, हो हो. मला वाटलं तिला प्रतिबिंब वगैरे म्हणायचं असेल.

आमची नक्षी निवडली गेली. मी गल्लीत, दुकानात, आजोळी, सगळीकडे सांगून टाकलं. वडगबाळकर मॅडमनी, म्हणजे आमच्या चित्रकलेच्या मॅडमनी, प्रार्थनेच्या वेळी आम्हां दोघींना पुढे बोलावलं. लावण्या माझ्या कानात कुजबुजली, "टाळ्या जास्त तुला का मला?" मी म्हटलं, "अर्ध्या अर्ध्या." ती म्हणाली, "बघ हां, दिसत नाही म्हणून फसवशील."

लावण्याचे वडील, त्यांना ती तेलुगूत नान्ना म्हणते, चादरींच्या कारखान्यात माग चालवतात. काम त्यांच्याच मागावर लागणार होतं. त्यांनी आधी हातभर तुकडा नमुना म्हणून विणला आणि घरी आणला. मला मुद्दाम बोलावून घेतलं. मधे कोणाची फळी नाही, टॅब नाही, फक्त कापड. जाड सूत, उठावदार वीण. मी बघितलं आणि टाळीच वाजवली. हुबेहूब!

लावण्याने तळहात ठेवला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"नान्ना, हा कुणाचा नमुना आणलात?"

"तुमचाच की अम्मा," नान्ना लेकीला लाडाने म्हणाले.

"ही घागर माझी नाही. हिचं तोंड चेपलंय. आणि इथे वर भोक आहे."

"भोक नाही गं," मी हसले. "ती चकाकी आहे. उजेड पडतो ना घागरीवर, तिथली."

लावण्याचा हात तिथेच थांबला.

"उजेड? मी उजेड काढला?" ती म्हणाली. "मी कशाला उजेड काढेन?"

नान्ना माझ्याकडे बघायला लागले, मी कापडाकडे. तिने मोरीतून घरातली घागर आणायला लावली, रिकामी. भर एप्रिल, घागरीचा पत्रा तापलेला. तिने माझा हात धरून घागरीच्या पोटाला बाहेरून लावला आणि नान्नांना वरून पाणी ओतायला सांगितलं. बुडाशी गार लागलं. मग गार वर सरकायला लागलं, माझ्या करंगळीपर्यंत, मग अंगठ्यापर्यंत. वरचा पत्रा अजून कोमटच. आत न बघता, हात न बुडवता पाणी कुठवर आलंय ते कळत होतं.

"मी हे काढलं होतं," लावण्या म्हणाली. "जिथे गार तिथे रेघा जवळ जवळ. जिथे कोमट तिथे लांब लांब. मधे एक जागा आहे, तिथे बोट थबकतं, तिथवर पाणी. तुला 'खालची छटा' आवडली म्हणालीस तेव्हा मला वाटलं तुला कळलं."

हमालाने दाट रेघा बघितल्या होत्या. कोट्यवधी चित्रांत दाट रेघा म्हणजे सावली. सावली आहे म्हणजे उजेड पाहिजे, उजेड आहे म्हणजे चकाकी पाहिजे, आणि घागर जरा वरून बघितली की तोंड लंबगोल. त्याने सगळं प्रेमाने भरून दिलं होतं. आणि लावण्याच्या फळीवर परत जाताना तो सावलीच्या पुन्हा दाट रेघा करायचा, लंबगोलाचा पुन्हा गोल करायचा. तिला तिची घागर, मला माझी. दोघी खूश! जगभर असंच चालत असणार, दोन टोकांची दोन माणसं आपापल्या पडद्यावर खूश, आणि तक्रार कोणाचीच नाही, कारण दोघं एकाच चित्राला कधी हातच लावत नाहीत. आम्ही लावला, कारण चादर एकच असते.

"म्हणजे वर्षभर मी तुझ्याशी बोलतच नव्हते," लावण्या म्हणाली. "त्या हमालाशी बोलत होते. तूपण त्याच्याशीच."

"असं कसं! तुझं सगळं मला..."

"काय सगळं? तुला मी एक डोळस मुलगी वाटायचे. जरा बऱ्यापैकी चित्र काढणारी."

 ते खरं होतं, आणि त्याच्या मागोमाग मला दुसरी गोष्ट आठवली होती. मांजर. मी मांजर समोरून काढली होती. दोन कान, मिशा, पुढचे पाय. तिला पाठच नव्हती! मग लावण्याने हात फिरवला तो कोणाच्या पाठीवरून?

घरी येऊन मी रडले. मग 'रेघ'च्या सेटिंगमध्ये घुसले. एकात एक, एकात एक पर्याय उघडत गेले आणि तळाशी सापडलं: 'अर्थानुसार' आणि 'जसंच्या तसं'. पहिल्यावर खूण होती. सगळ्यांच्याच असते. मी दुसऱ्यावर केली आणि ती जुनी मांजर लावण्याला पाठवली. फोन लागला तशी म्हटलं, "ही खरी. बघ आणि सांग."

फोनमधून टाचण्यांचा खरखर आवाज आला.

"ही मांजर आहे?"

"हो."

"हिला पाठ नाही. नाकाखाली गवत उगवलंय. बे शांभवी, ही मेलीय का?"

मला हसू आलं आणि रडूही. "तू भारी म्हणालीस ती ही नव्हती, लावण्या. ती हमालाची होती. मी त्या एका शब्दावर वर्षभर उड्या मारतेय."

"हमालाची तर हमालाची," ती म्हणाली. "त्यानंतर तू डबा खाताना मला अर्धा तास त्या मांजरीचं पुराण ऐकवलंस. दूध कसं चोरते, शेजारच्या काकू कशा मागे लागतात. ते कोणत्या हमालाने आणलं होतं?"

ती अजून रागावलेलीच होती, तरी हे म्हणाली. मी देवाचे आभार मानले, शिवाय ज्याने कोणी सेटिंगच्या तळाशी ते दुसरं बटण शिल्लक ठेवलं त्याचेही मानले.

मग प्रश्न चादरीचा. नमुना पसंत झाला होता, मागावर चढायला तयार होता. गप्प बसलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं. काठात नाव, शाळेभर कौतुक, सगळं जिथल्या तिथे. लावण्या म्हणाली, "तू ठरव. माझं नाव मात्र काढायला सांग. मी न काढलेल्या घागरीवर मला नाव नको." खरं सांगते, मला त्या चादरी डोळ्यांसमोर दिसत होत्या. ओळीने खाटा आणि खाटेगणिक माझं नाव. पण ते एकटं कसं दिसेल, हे मनात आलं आणि मी मॅडमकडे गेले.

"मॅडम, ती घागर आमची नाही."

"मग कोणाची?"

"हमालाची."

"बरं, मग त्याला बक्षीस देऊ," मॅडम म्हणाल्या. पण मग त्यांनी चष्मा काढला, सगळं ऐकून घेतलं, आणि लावण्याचं जसंच्या तसं चित्र माझ्या टॅबवर बघितलं. खरं तर ते दिसायला फारच विचित्र होतं. रेघांची एक उतरंड, वर एक गोल. त्यांनी ते समितीकडे नेलं. समितीचं उत्तर एका दिवसात आलं: निवडलेली नक्षी तशीच द्या, नाहीतर दुसऱ्या नंबरची घेऊ. दुसऱ्या नंबरला दहावीतल्या एका मुलाचा मोर होता.

"चांगला आहे हो मोर," मी म्हटलं. आवाज जरा चिरकलाच.

मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वेड्या आहात दोघी," म्हणाल्या. "पण ती घागर पुरी करा. मला बघायचीय. म्हणजे, हात लावायचाय."

त्या एका वाक्याचं माझ्यावर केवढं ऋण आहे, मॅडमना माहीत नाही.

मग आम्ही खरं काम सुरू केलं. हमालाला सुट्टी. माझी चित्रं जशीच्या तशी तिच्याकडे, तिची माझ्याकडे, आणि दोघींना एकमेकींचं शष्प कळत नव्हतं.

"तुझी बादली वरून रुंद, खालून निमुळती, ते ठीक. पण मागची बादली लहान का? पोराची आहे?"

"लांब आहे ती."

"लांब गेली की लहान होते?"

"दिसते तशी."

"आणि गोल तोंड चेपतं. आणि मागचं पुढच्याने झाकलं जातं. अरेरे," लावण्या म्हणाली, "कसं जगता गं तुम्ही लोक?"

मी तिच्या घरी बसून डोळे मिटून नळ चाचपला, बादलीची कडी चाचपली, पाइपाच्या तोंडाला बांधलेलं फडकं चाचपलं, आणि मग काढलं. वीस वेळा चुकले. तिने वीस वेळा नावं ठेवली. पण रंगाचं तिने माझ्यावर सोडलं. चादरीला दोनच रंग असतात, एका बाजूला जो वर तो दुसऱ्या बाजूला खाली. मी गारला गडद निळा घेतला आणि कोमटला हळदी. "पिवळा कसा असतो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "रिकाम्या घागरीच्या गळ्यासारखा, तापलेला." ती म्हणाली, "चालेल."

मागाला हमाल लागत नाही. सूत एकतर वर उचललं जातं नाहीतर खाली राहतं, मधे कोणी अर्थ लावत नाही. मोरांच्या चादरी विणून झाल्या तेव्हा बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, थोडा ताणा, म्हणजे उभं सूत, उरला होता, एका चादरीपुरता. नान्नांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, पोरींसाठी ना, घ्या. नान्नांनी आडव्याला मुद्दाम जाड सूत लावलं, रेघा हाताला लागाव्यात म्हणून, आणि ताण जुळवण्यात दोनदा सूत तुटलं तरी पुन्हा गाठ मारून सुरू केलं. मॅडमही आल्या होत्या. कारखान्यात एवढा आवाज, की आम्ही सगळे नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो, आणि लावण्याला कळावं म्हणून मी तिचा दंड दाबत होते.

चादर उतरली तेव्हा गरम होती. नान्नांनी ती बाकावर पसरली. मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डोळे मिटून हात ठेवला, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.  मग त्या बाजूला झाल्या आणि मला जागा दिली.

डोळे उघडे होते तोवर ती मला चादरच दिसत होती, निळी आणि हळदी, थोडी वेडीवाकडी, घागरीच्या वर नळ. लावण्या म्हणाली, "बघू नकोस गं, मिट की." मी मिटले. तळहात खाली ठेवला आणि वर सरकवत गेले. रेघा दाट, दाट, अंगाला अंग लावून, पोट गोल होत गेलं, गळा आला, आणि एकाएकी रेघा सुट्या सुट्या झाल्या. बोट थबकलं.

"कुठवर आलंय पाणी?" लावण्याने विचारलं.

"गळ्यापर्यंत."

"मग बसलीस काय! नळ बंद कर, चाललंय सगळं वाहून!"

आणि आईशप्पथ, माझा दुसरा हात नळाकडे गेला.